दुसऱ्या चावीची साक्ष

आषाढ लागला की मोटारीच्या रिमोट चावीची फिर्याद घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांची रीघ आपणा सर्वांच्याच दुकानी लागते. आणि त्या फिर्यादीचा निकाल, कसलीही चौकशी न करता, 'चावी गेली, नवी घ्या' एवढ्या चार शब्दांत देऊन मोकळे होण्याचा शिरस्ताही आपल्या व्यवसायात चांगलाच रुळला आहे, हे कबूल करूनच आम्ही हे संपादकीय लिहावयास बसलो आहो.

गेल्या श्रावणात एक सेवानिवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. गाडीचे दरवाजे रिमोटने उघडेनात. दोन ठिकाणी सेल बदलून झाला होता, आणि तिसऱ्या ठिकाणी नव्या चावीच्या खर्चाचा काही हजारांचा अंदाज त्यांच्या हाती पडला होता. 'गुरुजी, घरी दुसरी चावी आहे ना?' हा प्रश्न तोवर त्यांना कोणीच विचारला नव्हता. दुसरी चावी आणवली, तीही मुकी. दोन चाव्या एकाच वेळी बिघडण्याचा योग विरळा, तेव्हा दोष चावीत नसून गाडीत असावा, हे अर्धे निदान हत्याराला हात लावण्यापूर्वीच झाले. आणि उरलेले अर्धे सॉकेटात खोचलेल्या एका स्वस्त मोबाइल चार्जरापाशी संपले. त्या गाडीचे सॉकेट इंजिन बंद असतानाही चालू राही, आणि चार्जरातून उठणाऱ्या रेडिओ-कोलाहलात चावीचा क्षीण संदेश गाडीच्या रिसीव्हरपर्यंत पोचण्यापूर्वीच बुडून जाई. चार्जर उपटला, दरवाजे उघडले. त्या दिवशी आमची मजुरी किती झाली, हे वाचकांनी ताडावे.

दुसरी चावी चालते आणि पहिलीच चालत नाही अशी रुजवात झाली, तर मात्र आरोपी चावीच. आणि तेथे पहिला संशय सेलवर घ्यावा हे खरे असले, तरी सेलची परीक्षा आपण जशी करतो तीत एक मोठी फसगत दडलेली आहे. लिथियमचा चपटा सेल थकत आला तरी मोकळ्या स्थितीत मल्टिमीटरवर जवळजवळ तीन व्होल्ट दाखवीत राहतो, कारण वार्धक्यात त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि त्याचे खरे बळ भार पडल्यावाचून कळत नाही. म्हणून सेल चावीत बसवलेला असतानाच मीटरच्या कांड्या त्याला लावाव्या आणि बटण दाबून धरावे. काटा वा आकडा झपकन खाली आला, तर तो सेल कितीही नवा म्हणून विकत आणलेला असो, बाद समजावा. 'सीआर २०३२' या नावात २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी लिहिलेलीच असते; त्याच्या जागी '२०२५' बसवून दिल्यास ०.७ मिलिमीटरची फट उरते, आणि चावी टेबलावर आपटली की चालते, खिशात घातली की थांबते, असा चमत्कार गिऱ्हाइकाच्या पदरी पडतो.

सेल निर्दोष ठरला तर चावी उघडून पाहावी. वारंवार दाबल्या जाणाऱ्या बटणाखालच्या स्विचचा डाग तडकलेला असणे हा आमच्या अनुभवातला सर्वांत सामान्य दोष होय, आणि तो भिंगाखेरीज दिसत नाही. पावसाचे पाणी शिरले असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्लेट धुऊन पूर्ण वाळवावी. उन्हात ठेवून परमेश्वरावर हवाला टाकणे ही दुरुस्ती नव्हे. जुनी चावी स्वस्तात आणून बसवणाऱ्यांनी एक पाहावे: आपल्याकडील बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, तर अमेरिकेतल्या पुष्कळ चाव्या ३१५ वर, आणि बाहेरून दोन्ही सख्ख्या बहिणी दिसतात.

चावी आणि गाडी यांच्यातला क्रमांकाचा हिशेब चुकणे, हा प्रकार यांहून निराळा. दर वेळी बदलत जाणाऱ्या सांकेतिक अंकांची 'कीलॉक' ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत जन्मली आणि १९९५ साली मायक्रोचिप या अमेरिकन कंपनीने विकत घेतली. तिच्या मूळ रचनेत गाडी पुढच्या १६ अंकांपर्यंतचा संदेश विनातक्रार स्वीकारते, त्यापलीकडे गेल्यास लागोपाठ दोन संदेश मागते. म्हणजे नातवाने खेळता खेळता शंभर वेळा बटण दाबले असेल, तर गाडीजवळ उभे राहून तेच बटण दोनदा दाबणे हीच दुरुस्ती. मात्र सर्वच कंपन्यांची तजवीज एकसारखी नसते, म्हणून गाडीचे पुस्तक आधी वाचावे.

इंजिनाची परवानगी देणारी चिप सेलवर जगत नाही. कुलपाभोवतालचे वेटोळे तिला जवळून शक्ती पुरवते. म्हणूनच सेल संपला तरी बटण-स्टार्टच्या बहुतेक गाड्या चावी त्या बटणाला, किंवा कंपनीने नेमून दिलेल्या जागी, टेकवली असता सुरू होतात, आणि हे गिऱ्हाइकाला सांगून ठेवण्यास पैसा लागत नाही. परंतु कित्येक चाव्यांत ही चिप प्लेटवर नसून कवचाच्या खाचेत, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, वेगळी बसवलेली असते. फुटके कवच बदलताना ती जुन्या तुकड्यांबरोबर केरात गेली, तर दरवाजे झोकात उघडतात आणि इंजिन मात्र दाद देत नाही. तेव्हा दुकानाची टोपली रात्री रिकामी करणाऱ्या पोऱ्यास आमची एकच सूचना आहे: गिऱ्हाईक गाडी सुरू करून फाटकाबाहेर पडेपर्यंत थांब.