पंधरा, बारा आणि मामाची कॅसेट

गेल्या रविवारी मामाकडे जेवायला गेलो होतो. जेवण झालं, सुपारी झाली आणि मग नेहमीप्रमाणे वाद. मामाचं लाडकं मत असं की बॉक्सिंग १५ राऊंडचं होतं तोवरच खरं बॉक्सिंग होतं. १२ राऊंड म्हणजे नुसती ट्वेंटी-ट्वेंटी. "खरा गडी तेराव्या राऊंडनंतर कळतो," इति मामा. तिथे मला धड उत्तर देता आलं नाही. मामा हा ब्लॉग न चुकता वाचतो, म्हणून इथेच देतो. बाकीच्या मंडळींनी भाच्याचा आगाऊपणा समजून वाचावं :)

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये विश्वविजेतेपदाची लढत पूर्वी १५ राऊंडची असायची. एक राऊंड तीन मिनिटांचा, मध्ये एक मिनिट बसायला. आता १२ राऊंड असतात. म्हणजे मार खायची नऊ मिनिटं कमी झाली. एवढाच फरक.

ही नऊ मिनिटं कशी गेली ते मामा, तुला सांगायला नको. ती कॅसेट तुझ्याकडेच होती. १३ नोव्हेंबर १९८२, लास व्हेगास, सीझर्स पॅलेस. रे मॅन्सिनी विरुद्ध कोरियाचा किम डुक-कू, लाइटवेट गट. वजनाच्या मर्यादेत बसायला किमला फार झगडावं लागलं होतं. तरी काय लढला तो! मॅन्सिनीचा कान फाटला, डोळा सुजला. पण तेराव्या राऊंडमध्ये मॅन्सिनीने ठोशांचा पाऊस पाडला आणि चौदावा सुरू होऊन वीस सेकंदही झाली नसतील, किम आडवा झाला. दोरी धरून उठला, तोवर रेफरीने लढत थांबवली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. चार दिवसांनी तो गेला. काही महिन्यांत त्याच्या आईने आत्महत्या केली. रेफरी रिचर्ड ग्रीननेही १९८३ मध्ये स्वतःला संपवलं.

तू दुबईहून आणलेल्या व्हीसीआरवर आम्ही पोरांनी ही लढत पाहिली. मी दहा वर्षांचा असेन. किम पडतो ती जागा आम्ही मागे नेऊन पुन्हा पाहिली. दोनदा. तो मेला हे तू आम्हाला आधीच सांगितलं होतंस.

असो. त्यानंतर महिन्याभरात वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने आपल्या लढती १२ राऊंडच्या केल्या. गंमत बघा, किम ज्या पट्ट्यासाठी लढला तो या कौन्सिलचा नव्हताच. तो होता वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचा, आणि त्यांना १२ वर यायला १९८७ उजाडलं. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन १९८८ मध्ये आलं. विझवायला शेजारी धावला, घरमालक पाच वर्षांनी. (१५ राऊंड आणि मधली विश्रांती मिळून ५९ मिनिटं होतात, १२ ची ४७. तासाभराच्या टीव्ही कार्यक्रमात जाहिरातींसह काय बसतं ते ज्याचं त्याने ठरवावं.)

आता मामाच्या बाजूचं. १९५२ मध्ये मार्सियानोने वॉलकॉटला तेराव्या राऊंडमध्ये झोपवलं, तोवर तो गुणांवर मागे होता. १९८१ मध्ये लेनर्डने हर्न्सला चौदाव्यात हरवलं. तेराव्याअखेर तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढे होता. १२ राऊंड असते तर या दोन गोष्टी घडल्या नसत्या. मान्य. हा मुद्दा खोडता येत नाही, आणि त्या लढती मलाही तितक्याच आवडतात. पण शेवटच्या राऊंडांत नेमकं काय होतं? माणूस दमतो, हात खाली येतात, मान सैल पडते, ठोसा दिसतो पण डोकं बाजूला होत नाही. मेंदू कवटीत हलतो आणि त्याच्यावरच्या बारीक शिरा फाटतात. ज्याला आपण 'जिगर' म्हणतो ती बहुतेक वेळा याच स्थितीतली असते. खरा गडी कळतो म्हणे! कळून करायचं काय?

पण १२ केल्याने प्रश्न मिटला असं म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. १९६२ मध्ये बेनी पॅरेट बाराव्या राऊंडमध्ये गेला. १९८० मध्ये जॉनी ओवेन, तोही बाराव्यातच. म्हणजे १२ चा आकडा ठरवला तेव्हाच तो पुरेसा नाही हे समोर होतं. १९९१ मध्ये लंडनला मायकेल वॉटसन बाराव्यात कोसळला. जगला, पण आयुष्यभराचं अपंगत्व घेऊन. रिंगजवळ योग्य उपचारांची सोय नव्हती म्हणून त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाला कोर्टात खेचलं आणि जिंकला. २००५ मध्ये लेव्हँडर जॉन्सन, अकरावा राऊंड. २०१९ मध्ये मॅक्सिम दादाशेव, अकराव्यानंतर.

दादाशेवची ती क्लिप बघवत नाही. ट्रेनर बडी मॅकगर्ट गुडघ्यांवर वाकून त्याला विनवतोय की आता थांबवतो. तो नुसता मान हलवतोय, नाही. मॅकगर्टने न ऐकता लढत थांबवली. मनिलात १९७५ मध्ये एडी फुचने फ्रेझरला चौदाव्यानंतर असंच बसवलं होतं, फ्रेझर नको नको म्हणत असताना. फ्रेझर २०११ पर्यंत जगला. दादाशेव चार दिवस.

आणि २ ऑगस्ट २०२५, टोकियोचा कोराकुएन हॉल. एकाच संध्याकाळच्या दोन लढतींतले दोन बॉक्सर, दोघंही २८ वर्षांचे, आठवड्याभरात गेले. शिगेतोशी कोतारीने पूर्ण १२ राऊंड काढले होते आणि लढत बरोबरीत सुटली होती. हिरोमासा उराकावा आठव्यात हरला. त्यानंतर जपानच्या बॉक्सिंग कमिशनने ओरिएंट-पॅसिफिक विजेतेपदाच्या लढती १२ वरून १० वर आणल्या. मामा म्हणेल, "उराकावा तर आठव्यातच पडला, मग १० ने काय साधलं?" अरे, हेल्मेट घालूनही माणसं मरतात. म्हणून आपण हेल्मेट काढून ठेवतो का?

बायकांच्या विजेतेपदाच्या लढती १० राऊंडच्या, तेही दोन-दोन मिनिटांचे. २०२३ मध्ये अमांडा सेरानो पुरुषांसारखी १२ राऊंड, तीन मिनिटं लढली आणि वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने हे मान्य केलं नाही म्हणून तिने त्यांचा पट्टा सोडला. कौन्सिल म्हणतं, हे बायकांच्या डोक्याच्या सुरक्षिततेसाठी. उत्तम! मग पुरुषांची डोकी काय नारळाची आहेत?

तर माझं मागणं असं. सगळीकडे १० करा. वजनासाठी अंगातलं पाणी काढून रिंगमध्ये उतरणं बंद करा. लढतीच्या दिवशी पुन्हा वजन घ्या आणि फार वाढलं असेल तर घरी पाठवा. आणि कोपऱ्यातल्या माणसाने सातव्यात टॉवेल टाकला तर त्याला भित्रा म्हणणं सोडा. मामा, हे शेवटचं तुझ्यासाठी. तू म्हणतोस तसं.

येत्या रविवारी येतोय. मामीला सांग, भांडण पुढे चालू. फक्त ती कॅसेट काढू नकोस.