मॅचला नियम शंभर, सरावाला एकही नाही! जानेवारी ते जून शाळेतली पोरं कुणाच्या भरवशावर खेळतात?

जूनमध्ये शाळेची घंटा वाजते. जुलै-ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धांचं वेळापत्रक शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतं, आणि मग एकच धावपळ सुरू होते. खो-खोचा संघ काढा, कबड्डीची पोरं बघा, धावणारे चार जण आणि गोळा फेकणारी एखादी मुलगी शोधा. आधार कार्ड, जन्माचा दाखला, बोनाफाईड, फोटो गोळा करा. पावसाने माजलेलं मैदानावरचं गवत काढून घ्या. दहा-पंधरा दिवस सराव होतो आणि संघ टमटममध्ये बसून तालुक्याला निघतो.

सहा महिने ज्या शरीराला खेळाची सवय नाही, ते पंधरा दिवसांत सामन्याला उभं राहतं. कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाचा गुडघा सुजतो. पहिल्या-दुसऱ्या फेरीत संघ बाद होतो आणि पोरं घरी परततात. मैदान पुन्हा पुढच्या जूनपर्यंत गुरांना आणि लग्नाच्या मांडवांना मोकळं.

दुसरीकडे ज्यांना खेळातच पुढे जायचंय, ती पोरं खासगी अकादमीत जातात. तिथे पहाटे आणि संध्याकाळी, सुट्टी न घेता बारा महिने सराव. किती तास, किती उन्हात, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारणारं कुणी नाही. एका टोकाला सरावच नाही आणि दुसऱ्या टोकाला सरावाला माप नाही. दोन्हीकडे नुकसान पोरांचंच.

नियम आहेत, पण स्पर्धेच्या दिवसापुरते

शालेय स्पर्धांची चौकट राज्यात पक्की आहे. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुला-मुलींच्या गटात होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी ही शिडी आहे. वयाचा पुरावा कोणता चालेल, संघात किती खेळाडू, प्रमाणपत्र कोण देणार, हे सगळं ठरलेलं असतं.

निकालालाही वजन आहे. ठरावीक कामगिरी केलेल्या खेळाडूला दहावी-बारावीत सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणूनच गावातले आई-बापही आता "खेळून काय मिळणार?" असं पूर्वीइतकं विचारत नाहीत.

पण हे सगळं निकालाचं झालं. जानेवारी ते जून या काळात चौदा वर्षांच्या पोराने आठवड्याला किती तास सराव करावा, सुट्टी कधी घ्यावी, किती वाजल्यानंतर उन्हात पळू नये, हे सांगणारा कागद गावातल्या शाळेच्या फलकावर दिसत नाही.

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर केलं. त्याचा रोख मुख्यतः राष्ट्रीय महासंघांच्या कारभारावर आहे. गावच्या शाळेचं मैदान तिथून फार लांब आहे.

वर्षभराचा सराव काय करू शकतो

राज्यातली दोन उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. लहानपणी शाळेचं अंतर तो पायी, पळत कापायचा. पण खेळाडू म्हणून तो घडला सैन्यात भरती झाल्यानंतर. तिथून त्याने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक आणलं. म्हणजे पाय शाळेतच तयार होते, पण ते ओळखणारी शिस्तशीर व्यवस्था त्याला शाळा सुटल्यावर भेटली.

दुसरं उदाहरण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं. तो शाळकरी वयातच राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथे राहणं, शिकणं आणि सराव यांची सांगड होती. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक जिंकलं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. ज्या खेळाला दोन खांब आणि मोकळी जमीन लागते, त्यात जग जिंकता येतं, हे गावागावातल्या पोरांनी मोबाईलवर पाहिलं. पण विश्वचषक पंधरा दिवसांच्या सरावावर जिंकता येत नाही.

शरीराचं साधं गणित

हाडं, स्नायू आणि सांधे यांना कामाची सवय हळूहळू लागते. बैलालाही पहिल्याच दिवशी पूर्ण दिवस औताला जुंपत नाहीत. पोरांचं तसंच आहे. वाढीच्या वयात हाडांची टोकं अजून मऊ असतात. एकदम जास्त पळवलं की नडगी दुखते, टाच दुखते, गुडघ्याखाली गाठ येते. "वाढतं वय आहे, दुखणारच" म्हणून घरचे सोडून देतात आणि दुखणं मुरतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, आणि एकाच खेळापासून वर्षात एकूण तीन महिने सुट्टी, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत घेतली तरी चालेल. या काळात पोराने खाटेवर पडून राहावं असं नाही. दुसरा खेळ खेळावा, पोहावं, सायकल चालवावी. आणखी एक सोपं माप तिथले क्रीडा डॉक्टर सांगतात: आठवड्याच्या सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. चौदा वर्षांच्या पोराला आठवड्यात चौदा तास, त्याच्या वर नाही.

उन्हाचा प्रश्न तर आपलाच आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42-44 अंशांवर जातो आणि उन्हाळी शिबिरं नेमकी तेव्हाच असतात. शरीराला उन्हात मेहनत करायची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी दोन तास पळवणं धोक्याचं. खेळताना पोरगं बरळायला लागलं, तोल गेला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजावा. 108 ला फोन करायचाच, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही. सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहायचं. पहिली काही मिनिटंच जीव वाचवतात.

कुस्तीत आणखी एक छुपा धोका आहे. वजनगटात बसण्यासाठी पोरं दोन दिवस उपाशी राहतात, पाणी सोडतात, स्वेटर घालून पळतात. 1997 मध्ये अमेरिकेत असंच वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन पैलवान दगावले. आता तिथल्या शालेय कुस्तीत आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन कमी करता येत नाही. पन्नास किलोच्या पोराला हा हिशेब आठवड्याला फक्त 750 ग्रॅमचा पडतो. आपल्या तालमीत हे माप कुणी लावतं का?

बाहेर काय चाललंय

अमेरिकेत हायस्कूलचे खेळ हा मोठाच कारभार आहे. प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना खेळाचा हंगाम ठरवते, आणि हंगामाबाहेर प्रशिक्षकाने काय करायचं नाही तेही ठरवते. केंटकी राज्यात दरवर्षी 25 जून ते 9 जुलै हा 'बंद काळ' असतो. त्या दिवसांत शाळेच्या प्रशिक्षकाने खेळाडूंचा सराव घ्यायचा नाही. कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये कायदाच केला: अमेरिकन फुटबॉलमध्ये अंगावर धडक देणारा सराव हंगामात आठवड्याला दोनच दिवस, एका दिवशी जास्तीत जास्त 90 मिनिटं, आणि हंगामाबाहेर पूर्ण बंद. बऱ्याच राज्यांत सुट्टीतला सराव ऐच्छिकच ठेवावा लागतो. तो चुकला म्हणून पोराला संघातून काढता येत नाही.

जपानमध्ये शाळेतल्या खेळांचं वेड आपल्या क्रिकेटसारखं. तिथे सरावाच्या अतिरेकावर आणि मारहाणीवर मोठी चर्चा झाली. शेवटी 2018 मध्ये सरकारच्या क्रीडा विभागाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. आठवड्यातून किमान दोन दिवस सुट्टी, त्यातली एक शनिवार-रविवारी. शाळेच्या दिवशी सराव साधारण दोन तास, सुट्टीच्या दिवशी तीन तास. शालेय बेसबॉलमध्ये तर हिवाळ्यात, डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, बाहेरच्या संघाशी सामनेच खेळता येत नाहीत.

या नियमांमागचं कारण एकच. प्रशिक्षकाला जिंकायचं असतं, पालकाला मुलाचं नाव व्हायला हवं असतं आणि पोराला "नाही" म्हणता येत नाही. तिथे नियम पोराच्या बाजूने "नाही" म्हणतो.

नक्कल नको, आपला हिशेब वेगळा

परदेशातले नियम उचलून इथे चिकटवले तर भागणार नाही. तिथे भीती जास्त सरावाची आहे. इथल्या बहुतेक पोरांना मुळात सरावच मिळत नाही. म्हणून आपल्या नियमाला दोन कामं करावी लागतील: किमान सराव मिळवून द्यायचा आणि कमाल मर्यादा घालायची.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं म्हटलंय. सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाचीही तरतूद आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत गणिताचे किंवा मराठीचे गुरुजीच शिट्टी घेऊन मैदानावर उभे असतात. त्यांच्यामागे ऑनलाइन माहिती भरणं आहे, निवडणुकीची कामं आहेत. सुट्टीत त्यांनी फुकट सराव घ्यावा ही अपेक्षा किती दिवस चालणार?

ऊसतोडीच्या पट्ट्यात अडचण आणखी खोल आहे. तालुका-जिल्हा स्पर्धा संपत आल्या की कारखाने पेटतात. विभाग आणि राज्य स्पर्धेच्या वेळी चांगला खेळणारा पोरगा आई-बापाबरोबर फडावर असतो. "सराव चुकवलास, संघातून बाहेर" हा नियम इथे गरिबालाच मारतो.

मुलींचं वेगळंच. सराव अंधारात सुटला की दुसऱ्या दिवसापासून मुलगी येत नाही. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कुलूप. खेळ सुटण्याचं कारण मात्र "हिला आवड नव्हती" असं सांगितलं जातं.

गाव स्वतः काय करू शकतं

वरून परिपत्रक येईल तेव्हा येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. हायस्कूलला पालक-शिक्षक संघ असतो. या बैठकीत एका पानाचा ठराव करायला पैसा लागत नाही. त्यात एवढं जरी आलं तरी खूप झालं:

- वर्षभर आठवड्यातून किमान तीन दिवस, रोज एक तास सराव. मैदान या वेळेत दुसऱ्या कामाला द्यायचं नाही.
- वयाच्या आकड्याएवढे तास ही आठवड्याची कमाल मर्यादा. अकादमीचे तासही यातच धरायचे. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी.
- मार्च ते जून सराव सकाळी लवकरच. मैदानावर पाणी आणि सावली नसेल तर सराव नाही.
- सुट्टीनंतरचे पहिले दोन आठवडे हलका सराव, मग हळूहळू वाढ.
- वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवायचं नाही, पाणी तोडायचं नाही.
- सुट्टीतला सराव ऐच्छिक. स्थलांतर, शेतीकाम किंवा आजारपणामुळे चुकला तर संघातलं नाव कापायचं नाही.
- मुलींच्या सरावाला शिक्षिका किंवा एखादी आई हजर. अंधार पडायच्या आत सगळ्या घरी. कुणी त्रास दिला तर 1098 हा नंबर प्रत्येक पोराला पाठ.
- एक वही: कोण आलं, किती वेळ सराव झाला, कुणाला काय लागलं. प्रथमोपचार पेटी जागेवर.

वहीचं महत्त्व कमी समजू नये. पोराला गंभीर इजा झाली आणि विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदानासाठी अर्ज करायची वेळ आली, तर प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. तेव्हा लेखी नोंद हाताशी असलेली बरी.

अकादमीत पोरगं घालणाऱ्या पालकांनीही फी विचारताना चार प्रश्न जास्त विचारावेत. शिकवणारा स्वतः काय शिकलाय? सुट्टी कोणत्या वारी? लागलं तर दवाखान्यात कोण नेणार? मारहाण होते का? उत्तर देताना कुणी चिडला, तर उत्तर मिळालं असं समजावं.

तालुका स्पर्धेत एकच संघ जिंकतो, बाकीचे हरून परत येतात. त्या हरलेल्या पोरांसाठी दुसऱ्या दिवशी मैदान उघडं असतं का, हे गावाच्या हातात आहे. पुढच्या पालक सभेत खिचडी आणि गणवेशानंतर पाच मिनिटं या विषयालाही मिळायला हवीत.