निवडून दिला, मग परत का बोलावता येऊ नये?



मागावर धागा तुटला तर आपण माग थांबवतो, धागा जोडतो, मगच पुढे चालतो. तागा पुरा होईस्तोवर वाट बघत बसलो तर सगळा माल खराब निघेल. पण आमदाराने दिलेला शब्द मोडला, तर पाच वर्षे गप बसायचे! मधेच त्याला परत बोलावण्याचा हक्क मतदाराला नाही. तो असावा काय?

या प्रश्नाची किंमत महाराष्ट्राने रक्ताने मोजली आहे. मुंबई राज्यातले आमदार १९५२ साली निवडून आले. पुढे मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी घराघरांत पोचली, पण सत्ताधारी पक्षाचे बहुतेक आमदार पक्षाच्या हुकमाला बांधलेले. जनता एकीकडे, प्रतिनिधी दुसरीकडे. मग लोकांना रस्त्याशिवाय जागा कुठली? २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या चालल्या, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा चालल्या. १०६ हुतात्मे झाले, त्यांत गिरणी कामगारही होते. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. तशी लाज सगळ्यांना नसते. बाकीच्यांचा हिशेब करायला १९५७ ची निवडणूक यावी लागली.

गिरणीतही हीच गत. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला मान्यता. ती कामगारांना नको झाली तरी गुप्त मतदानाने बदलायची सोय नाही. म्हणून १९८२ च्या संपात हा कायदाच रद्द करा, अशी मागणी करावी लागली.

आता दुसरी बाजूही ऐका. हे हत्यार दुधारी आहे. १९५७ ला समितीचे आमदार निवडून आले, त्यांच्याविरुद्ध मालकांनी थैल्या सोडून सह्या गोळा केल्या असत्या तर? ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे सह्या. खेड्यात राखीव जागेवरची बाई किंवा दलित सरपंच खुर्चीवर बसला, की बड्यांच्या पोटात दुखते आणि अविश्वासाचे कागद फिरू लागतात. शिवाय रोज खुर्ची हलू लागली, तर लोकांना कडू पण हिताचे काम कोण करील?

यातून वाट आहे. महाराष्ट्रात २०१७ साली थेट सरपंच निवडीचा कायदा झाला, २०२० ला तो गेला, २०२२ ला परत आला. त्यात अशा सरपंचाला काढायला नुसते पंच पुरत नाहीत. तीन चतुर्थांश पंचांचा ठराव हवा आणि त्यावर ग्रामसभेने गुप्त मतदानाने शिक्का मारायला हवा. पहिली दोन वर्षे ठराव आणता येत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात तर नगराध्यक्षासाठी ‘खाली खुर्ची की भरलेली खुर्ची’ असे साऱ्या मतदारांनाच विचारले गेले आहे.

मग जो नियम सरपंचाला, तो आमदार-खासदाराला का नको? आमचे म्हणणे असे : हक्क द्या, पण कुलूप लावून द्या. पहिली दोन वर्षे काम करू द्या. सह्या हजारोंच्या हव्यात आणि त्या नीट तपासा. शेवटचा निकाल गुप्त मतदानाने जनतेचा, पक्षाचा नव्हे.

१ मे हा महाराष्ट्राचा आणि कामगारांचा दिवस. त्या दिवशीच्या ग्रामसभेत आम्ही धामणगाव बढे येथे हा ठराव मांडणार. तुम्हीही आपल्या गावी मांडा. मत आपले, तर परत बोलावण्याचा हक्कही आपलाच!

जय महाराष्ट्र!