मैदान दोघांचे असते

२२ मे २०२२ हा इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या मोसमाचा अखेरचा दिवस होता. मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल या दोन संघांत विजेतेपदासाठी अवघ्या एका गुणाचा फरक होता. आपल्याच मैदानावर खेळणारा सिटीचा संघ ॲस्टन व्हिलाविरुद्ध शून्याविरुद्ध दोन गोलांनी मागे पडलेला होता आणि सामना संपण्यास जेमतेम पंधरा मिनिटे उरली होती. मग सहा मिनिटांच्या आत सिटीने तीन गोल केले. पंचांची अखेरची शिट्टी वाजली आणि हजारो प्रेक्षक हिरवळीवर धावत सुटले. एका बाजूचा गोलखांब मोडून पडला. त्याच गर्दीत ॲस्टन व्हिलाचा गोलरक्षक रॉबिन ओल्सन याच्यावर हल्ला झाला. विजेत्या क्लबाला आपल्या परमानंदाच्या दिवशी त्याची जाहीर क्षमा मागावी लागली.

विजेतेपद मिळाले म्हणून प्रेक्षकांनी मैदानात धाव घ्यावी काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत शनिवार-रविवारच्या रात्री हे परदेशी सामने पाहिले जातात, हे वाचकांना सांगायला नको. आपली मुले त्या खेळाडूंची नावे पाठ करतात, त्यांच्या संघांचे सदरे घालतात आणि आनंद कसा करावा हेही तिथूनच शिकतात. मैदानात घुसलेली गर्दी दूरदर्शनच्या पडद्यावर मोठी देखणी दिसते. निवेदकाचा स्वर चढतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की आपणही तिथे असतो तर असेच धावलो असतो. म्हणून हा विषय हसण्यावारी न नेता त्याचा नीट विचार व्हायला हवा. माझे मत मी प्रारंभीच मांडतो: प्रेक्षकांनी मैदानात धावू नये. विजेतेपद कितीही वर्षांनी मिळालेले असो, आनंद कितीही निर्मळ असो, तरीही धावू नये.

प्रतिपक्षाची बाजू दुबळी नाही, हे मान्य केले पाहिजे. क्लबाचे मालक बदलतात, प्रशिक्षक बदलतात, खेळाडू तर दर मोसमाला सदरा बदलतात. पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो तो केवळ प्रेक्षक. आजोबांचा हात धरून जो नातू प्रथम त्या प्रेक्षागारात गेला, तोच पुढे आपल्या नातवाला घेऊन येतो. मग ज्याने उन्हापावसात उभे राहून पराभव सोसले, त्याला विजयाच्या दिवशी त्या हिरवळीला पाय लावण्याचाही अधिकार नसावा काय? १४ एप्रिल २०२४ रोजी जर्मनीतील बायर लेव्हरकुझेन या संघाने वेर्डर ब्रेमेनचा ५-० असा पराभव करून आपले पहिले बुंडेसलीगा विजेतेपद मिळवले. १९०४ साली स्थापन झालेला हा क्लब. सदैव दुसऱ्या क्रमांकावर राहतो म्हणून त्याची टिंगल होत असे. त्या दिवशी शिट्टी वाजण्याच्या आधीपासूनच प्रेक्षक मैदानाच्या कडेला येऊन थांबले होते आणि पाचवा गोल होताच सारी हिरवळ माणसांनी भरून गेली. ते दृश्य पाहून ज्याचे मन हलले नाही, तो माणूस फार कोरडा म्हटला पाहिजे.

माझे मनही हलले. पण मन हलणे हा एखाद्या कृतीच्या योग्यतेचा पुरावा होऊ शकत नाही. त्या दिवशी लेव्हरकुझेनमध्ये अनर्थ झाला नाही, याचे श्रेय तिथल्या प्रेक्षकांच्या सौजन्याला अवश्य द्यावे. परंतु त्यातला काही भाग नशिबालाही द्यावा लागेल.

या प्रश्नाचे मर्म असे आहे की मैदान दोघांचे असते. सामना दोन संघांचा असतो आणि शिट्टी वाजली म्हणून दुसरा संघ तत्क्षणी अदृश्य होत नाही. तो तिथेच उभा असतो. थकलेला, हरलेला, कधी डोळ्यांत पाणी आलेला. त्याला आपल्या खोलीपर्यंत चालत जायचे असते. प्रेक्षक धावतो तेव्हा त्याला फक्त आपला संघ दिसतो. पण वाटेत जो उभा असतो तो बहुधा परका असतो. १७ मे २०२२ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टने शेफील्ड युनायटेडवर मात केली आणि वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या अंतिम सामन्यात प्रवेश मिळवला. शेफील्डचा कर्णधार बिली शार्प दुखापतीमुळे त्या दिवशी खेळलाही नव्हता. तो खिशात हात घालून मैदानाच्या कडेला उभा होता. धावत आलेल्या एका प्रेक्षकाने त्याला डोक्याने धडक दिली आणि त्याच्या ओठाला टाके घालावे लागले. त्या इसमाला न्यायालयाने २४ आठवड्यांचा तुरुंगवास दिला आणि दहा वर्षे फुटबॉलच्या मैदानांची दारे त्याला बंद झाली. विशेष म्हणजे शार्प हा पूर्वी काही काळ फॉरेस्टकडूनच खेळलेला होता. दोनच दिवसांनी लिव्हरपूल शहरात एव्हर्टनचा संघ खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचला, तेव्हाही प्रेक्षक असेच मैदानात लोटले. क्रिस्टल पॅलेसचे प्रशिक्षक पॅट्रिक व्हिएरा यांना एकाने चेहऱ्यासमोर येऊन डिवचले आणि त्या मातब्बर गृहस्थाचाही तोल गेला. त्यांनी त्याला लाथ मारली.

यावर ठरलेले उत्तर असे की हजारांत असा एखादाच असतो. एकाच्या अपराधासाठी सर्वांचा आनंद का हिरावून घ्यावा? हे उत्तर ऐकायला न्याय्य वाटते, पण ते फसवे आहे. तो एकटा मैदानात शिरला असता तर दहा पावलांवर पकडला गेला असता. त्याला खेळाडूपर्यंत पोचवले ते त्याच्या भोवतीच्या हजारो निरपराध माणसांनी. त्यांच्या आनंदाच्या आडोशानेच तो पुढे सरकला. सज्जनांची गर्दी ही दुर्जनाची सर्वांत सुरक्षित वाट असते. मी कुणाला मारले नाही, मी केवळ धावलो, असे म्हणणाऱ्याने एवढा तरी विचार करावा की आपल्या धावण्याने कुणाची वाट मोकळी झाली.

शिवाय उन्माद एकाच बाजूचा राहत नाही. २१ मे २०१६ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर हिबर्नियनने रेंजर्सला ३-२ असे हरवून स्कॉटिश चषक जिंकला. १९०२ नंतर, म्हणजे ११४ वर्षांनी! हिबर्नियनचे प्रेक्षक मैदानात उतरले. ते पाहून रेंजर्सचेही काही उतरले आणि हातघाई सुरू झाली. रेंजर्सच्या खेळाडूंना उपविजेतेपदाची पदके स्वीकारण्यासाठी मैदानावर परत येता आले नाही. ११४ वर्षे ज्याची वाट पाहिली, त्या क्षणाच्या आठवणीला मारामारीचा डाग कायमचा चिकटला. ४ मे २०२३ रोजी नापोलीने ३३ वर्षांनंतर इटलीचे विजेतेपद मिळवले, तेही उदिने शहरात, म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात. नापोलीचे पाठीराखे मैदानात शिरताच यजमानांचे पाठीराखेही त्यांच्यावर चाल करून आले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. आपल्या दारात येऊन दुसऱ्याने नाचावे, हे कोणत्या घराला सहन होते?

परंतु माझा सर्वांत मोठा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये प्रेक्षकांनी मैदानात घुसण्याचे प्रकार वाढले. १९७४ च्या मार्च महिन्यात न्यूकॅसलच्या प्रेक्षकांनी चषक स्पर्धेचा सामना चालू असताना धाव घेतली आणि त्या सामन्याचा निकाल रद्द करून तो पुन्हा खेळवावा लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या दोन संघांमधील सामना याच कारणाने अपुरा राहिला. यावर उपाय म्हणून मैदानांभोवती लोखंडी जाळ्यांची उंच कुंपणे उभी राहिली. माणसांना जनावरांसारखे कोंडण्याचा तो उपाय होता.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. उभ्याने सामना पाहण्याच्या जागेतील मधल्या कप्प्यांत मर्यादेबाहेर माणसे सोडली गेली. पुढे कुंपण, मागून रेटा. माणसे जीव वाचवण्यासाठी जाळीवर चढू लागली, तेव्हा पोलिसांचा आरंभीचा समज असा झाला की प्रेक्षक मैदानात घुसत आहेत! त्या दुर्घटनेत एकूण ९७ जणांचे प्राण गेले. त्यातला शेवटचा मृत्यू तर २०२१ साली झाला. २०१६ मध्ये ज्यूरीने निःसंदिग्ध निर्णय दिला की त्यांचा मृत्यू बेकायदा कृतीमुळे झाला आणि प्रेक्षकांचा त्यात काहीही दोष नव्हता. त्या मृतांवर कणभरही दोष कुणी ठेवू नये. दोष बंदोबस्ताचा होता, व्यवस्थेचा होता. पण जी कुंपणे त्यांच्या छातीवर आली, ती का उभारली गेली होती? आणि मरणाऱ्या माणसांची धडपड पोलिसांना घुसखोरी का वाटली? त्याआधीच्या वर्षांत मैदानात घुसलेल्या गर्दीने जी भीती निर्माण करून ठेवली होती, तिची किंमत त्या दिवशी भलत्याच माणसांनी मोजली.

न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीनंतर ती कुंपणे उतरली. त्यांच्या जागी काय आले? एक पांढरी रेघ आणि तिच्या अलीकडे बसलेल्या माणसाचा संयम. प्रेक्षकाला माणूस म्हणून वागवण्याचा तो निर्णय होता आणि तो ९७ प्राणांच्या मोलाने विकत घेतला गेला आहे. जो विजयाच्या भरात ती रेघ ओलांडतो, तो हा विश्वास उधळतो. पुन्हा जाळ्या लावा, असे म्हणणाऱ्यांच्या हाती तो आयते कारण देतो.

१९९१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये विनापरवाना मैदानात जाणे हा गुन्हा ठरवला. नुसत्या प्रवेशासाठी त्यात दंडाची शिक्षा आहे. २०२२ च्या घटनांनंतर फुटबॉल नियामकांनी मैदानात शिरणाऱ्यावर क्लबाने किमान एक वर्षाची बंदी घालावी, असे ठरवले. आनंदाला गुन्हा ठरवणारा हा कसला कायदा, असे काही जण विचारतात. आनंदाला कुणीही गुन्हा म्हटलेले नाही. ओरडा, गा, नाचा, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारा. त्याला कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती फक्त रेघ ओलांडण्याला.

आणि जिथे प्रेक्षक ती रेघ ओलांडतो, तिथे दंडुका पुढे येतो. ही गोष्ट आपल्या मुंबईने क्रिकेटच्या मैदानावर पाहिली आहे. जानेवारी १९७५ मध्ये नव्या वानखेडे स्टेडियमवरील पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइड यांचे द्विशतक झाले तेव्हा एक चाहता त्यांचे अभिनंदन करण्यासाठी धावत आत गेला. पोलिसांनी त्याला बदडले. ते पाहून प्रेक्षक खवळले आणि दंगल होऊन खेळ थांबला. पोलिसांचे वर्तन निंद्यच होते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील मलंग जिल्ह्यात तर पराभवाने चिडलेले प्रेक्षक मैदानात उतरले, तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि अरुंद दारांशी झालेल्या चेंगराचेंगरीत १३५ माणसे गेली. तिथला प्रसंग आनंदाचा नव्हता आणि अश्रुधूर सोडणाऱ्यांचा अपराध कोणत्याही सबबीने धुऊन निघणार नाही. पण हिरवळीवर गर्दी आणि पोलीस समोरासमोर आले की पुढचे पाऊल कोणाच्याच हाती राहत नाही, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

कुणी म्हणेल, आपल्या गावच्या मैदानावर स्पर्धेचा अंतिम सामना संपला की पोरे धावत जातात, गोलरक्षकाला खांद्यावर घेतात. त्यालाही तुमची मनाई काय? मुळीच नाही. तिथे दोन्ही संघ एकमेकांच्या नात्यागोत्यातले असतात. हरलेल्या गोलरक्षकाला गर्दीतला प्रत्येक जण नावाने ओळखतो आणि त्याला धक्का लागला तर कुणाच्या मुलाने लावला हे संध्याकाळपर्यंत घरी कळते. ओळख हेच तिथले कुंपण. पन्नास हजारांच्या प्रेक्षागारात ती ओळख नसते, म्हणूनच तिथे रेघेचा मान अधिक कसोशीने राखावा लागतो.

क्लबांनाही एक गोष्ट सुनवावीशी वाटते. प्रेक्षकाच्या निष्ठेवर आणि खिशावर चालणाऱ्या संस्थांनी त्याला नुसत्या बंदीच्या नोटिसा देऊन भागणार नाही. पाहुण्या संघाला आणि पंचांना आधी सन्मानाने आत जाऊ द्यावे. मग विजेत्यांनी चषक घेऊन प्रत्येक सज्ज्यासमोर जावे, हाताच्या अंतरावर थांबावे, घाई करू नये. पुढे एखादा दिवस ठरवून मैदानाची दारे पाठीराख्यांच्या कुटुंबांना उघडावीत. आजोबांनी नातवाला त्या हिरवळीवर चालवत न्यावे. ज्याला मानाने बोलावले जाते, त्याला घुसण्याची गरज उरत नाही.

तोवर पालकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी पडद्यावर असे दृश्य आले, तर मुलाला विजेत्यांकडून नजर काढून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहायला सांगा. तिथे हरलेला गोलरक्षक एकटा चालला असेल. त्याला आपल्या दारापर्यंत निर्भयपणे पोचता यावे, इतकी जागा आपल्या आनंदात ठेवता येईल काय, हे त्याला विचारा. उत्तर त्यालाच देऊ द्या.