हुलीचे गणित आणि जुगाराचा कायदा

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले. या कायद्याला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. त्यानिमित्ताने झालेल्या चर्चेत पोकरचे समर्थक एक मुद्दा आग्रहाने मांडतात. पोकरमध्ये हलकी पाने हाती असतानाही मोठी रक्कम लावून प्रतिपक्षाला माघार घ्यावयास लावता येते. ही हूल देणे म्हणजे बुद्धीचे काम होय. सबब पोकर हा जुगार नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यातील पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निष्पन्न होत नाही.

हूल ही केवळ चेहऱ्यावरील अभिनयाची करामत नसून तिला गणिती पाया आहे, हे जॉन फॉन नॉयमन यांनी दाखवून दिले. 1928 मध्ये त्यांनी अशा खेळांचा सिद्धांत मांडला आणि 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञासमवेत लिहिलेल्या ग्रंथात पोकरचे सविस्तर विवेचन केले. जो खेळाडू केवळ भारी पानांवरच रक्कम लावतो, त्याचा डाव प्रतिपक्ष सहज ओळखतो व वेळीच अंग काढून घेतो. म्हणून अधूनमधून हूल देणे भाग असते. पकडली गेलेली हूलदेखील सर्वस्वी वाया जात नाही. पुढे खरोखरच भारी पाने आली असता प्रतिपक्ष माघार घेण्यास कचरतो.

याचे प्रमाणही काढता येते. टेबलावर 100 रुपये जमले असून एकाने आणखी 100 रुपये लावले, असे समजू. प्रतिपक्षाला 200 रुपये मिळविण्यासाठी 100 रुपये धोक्यात घालावे लागतात. हूल पकडली की हरते व भारी पाने नेहमी जिंकतात असे धरल्यास, दर तीन वेळांपैकी एकदा हूल व दोनदा खरी पाने हे प्रमाण योग्य ठरते. हूल याहून अधिक झाली तर आव्हान देणारा लाभात राहतो. कमी झाली तर तो निर्धास्तपणे माघार घेतो. उलटपक्षी, प्रतिपक्षाने निम्म्या वेळा आव्हान दिले म्हणजे हूल देणाऱ्यास हुलीतून काहीच सुटत नाही.

जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना सुमारे 1,20,000 डावांच्या सामन्यात पराभूत केले. ज्याला चेहराच नाही अशा यंत्राने मुरलेल्या खेळाडूंना हूल द्यावी, यापेक्षा कौशल्याचा सबळ पुरावा कोणता?

भारतीय कायद्याची दीर्घकाळची कसोटी हीच होती. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पोकरबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही: 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला जुगार ठरविले, तर 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ मानले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही कसोटीच अपुरी आहे. निव्वळ नशिबाच्या खेळात नवखा आणि मुरलेला यांची संधी निदान समान असते. कौशल्याच्या खेळात ती समान नसते, आणि डाव जितके अधिक तितके नवख्याचे हरणे निश्चित होत जाते. शिवाय खेळ चालविणारी कंपनी आपली वर्तावळ कापून घेत असल्याने सर्व खेळाडूंची मिळून बेरीज तोट्याचीच होते. हुलीचे प्रमाण मुखोद्गत असलेल्या खेळाडूसमोर महिन्याचा पगार घेऊन बसलेल्या तरुणाला ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ असे सांगणे म्हणजे त्याला अभय देणे नव्हे. तो वस्तुतः धोक्याचा इशारा आहे.

नव्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेद बाजूला सारला, ते या अर्थाने योग्यच झाले. तथापि, बंदी घातल्याने प्रश्न संपत नाही. गोव्यात मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंना परवाने आहेत, आणि परदेशांतून चालणाऱ्या संकेतस्थळांना देशाच्या सीमा अडवीत नाहीत. कायद्यात असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे; परंतु शिक्षेचा धाक तिच्या अंमलबजावणीच्या प्रमाणातच वाटतो. पोकरचे गणित येथे शासनालाही लागू पडते. ज्या धमकीमागे खरी पाने क्वचितच असतात, ती प्रतिपक्ष लवकरच ओळखतो. अंमलबजावणीची यंत्रणा उभी राहिली नाही, तर हा कायदाही शासनाने दिलेली एक हूल ठरेल, आणि ती पकडली गेल्याची किंमत मात्र हरणाऱ्यांच्या कुटुंबांनाच मोजावी लागेल.