ज्येष्ठमधाची कांडी
नाक चोंदलं की मेडिकलवाल्याकडे ‘सर्दीची एक गोळी’ मागायची, ही आपली रीत. त्या पाकिटावरच्या बारीक अक्षरांत बहुधा फिनाइलेफ्रिन असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे बीपीवाल्यांशी उभं वैर. गंमत अशी, की पोटात घेतलेल्या या औषधानं नाक काही मोकळं होत नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीनं २०२३ मध्ये सांगून टाकलं. बरं, घरगुती उपाय तरी निर्धोक? खोकल्यावर आजी हातात ठेवते ती ज्येष्ठमधाची कांडी रोज चघळत राहिलं, तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. त्यापेक्षा वाफ, नाकात सलाइनचे थेंब आणि तापापुरती साधी पॅरासिटामॉल बरी. दुकानात गोळी मागण्याआधी ‘मला बीपी आहे’ एवढं सांगाच.