फ्लॅट आपला, पण सातबारा कोणाच्या नावावर?

तालुक्याच्या गावात आता बसस्टँडच्या मागे, बायपासच्या कडेला तीन-चार मजली बिल्डिंगी उभ्या राहिल्या आहेत. शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले कर्मचारी, मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून आलेली कुटुंबं तिथे राहायला गेली. फ्लॅटची नोंदणी झाली, किल्ली मिळाली, वास्तुशांतही उरकली. पण बिल्डिंगखालच्या जमिनीचा उतारा काढला तर नाव बिल्डरचं, नाहीतर मूळ शेतकऱ्याचं. खरी गोम इथेच आहे.

याचा त्रास कधी होतो?

रोज होत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण २५-३० वर्षांनी बिल्डिंग पाडून नवी बांधायची वेळ येते. वाढीव बांधकामाचा हक्क जमीनमालकाकडे जातो. तोवर मूळ मालक वारला असेल तर वारसांची नावं लागतात आणि एकेकाच्या सहीसाठी फिरावं लागतं.

सोसायटी की अपार्टमेंट?

महाराष्ट्रात यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची गृहनिर्माण सोसायटी. यात जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होते आणि एका सभासदाला एक मत असतं. दुसरी, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची. यात प्रत्येकाच्या नावे वेगळं खरेदीखत होतं आणि फ्लॅटसोबत जमिनीतला अविभक्त हिस्सा मिळतो. घोषणापत्र आणि हे खत झालंच नसेल, तर बिल्डिंगच्या पाटीवर 'अपार्टमेंट' लिहिलेलं असून उपयोग नाही.

बिल्डर हात वर करतो तेव्हा

१९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदवायला पुढाकार घेणं आणि नंतर जमीन तिच्या नावे करून देणं हे बिल्डरचं काम आहे. करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून ४ महिन्यांत हे खत व्हायला हवं. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात शेवटचा फ्लॅट विकला की बिल्डरचा फोन लागत नाही.

यावर उपाय म्हणजे मानीव अभिहस्तांतरण, म्हणजेच डीम्ड कन्व्हेयन्स. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करायचा. बिल्डर आणि जमीनमालकाला नोटीस जाते, सुनावणी होते. अर्ज मंजूर झाला की बिल्डरच्या सहीशिवायही खताची नोंदणी होते. त्यानंतर तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयात नाव लावून घ्यायचं. बरेच जण आदेश हातात आला की थांबतात आणि उतारा जुनाच राहतो.

रेरा सगळीकडे नाही

जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट ८ पर्यंत असतील तर त्या स्कीमला रेराची नोंदणी सक्तीची नाही. तालुक्याच्या गावातल्या पुष्कळ स्कीम एवढ्याच असतात. म्हणजे जिथे ग्राहक जास्त एकटा पडतो, तिथेच नवा कायदा सैल आहे. अशा ठिकाणी मोफाचाच आधार घ्यावा लागतो.

सोसायटीलाही मर्यादा आहे

कमिटीने मनाला येईल तो आकडा लावायचा नाही. फ्लॅट विकताना घ्यायच्या हस्तांतरण शुल्काची कमाल रक्कम महापालिका हद्दीत २५ हजार, तर ग्रामपंचायत हद्दीत ५ हजार रुपये आहे. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. दुसरीकडे मेंटेनन्स थकवणाऱ्यालाही सुटका नाही. निबंधकाचा वसुली दाखला मिळाला की ती रक्कम महसुली थकबाकीसारखी वसूल होते.

बिल्डिंगमध्ये एकी नसेल तर यातलं काहीच पुढे सरकत नाही. अर्ज, नकाशा, प्रत्येकाचा करारनामा, इंडेक्स २ हे सगळं गोळा करायला शेजाऱ्यांना एकत्र बसावंच लागतं. गणपतीच्या वर्गणीसाठी होणाऱ्या बैठकीत या वर्षी सातबाराचा विषय घेतला, तरी सुरुवात झाली म्हणायची.